गाडीनं नेलं की बिन कमी, हातानं ढकललं की सगळे हजर

डिस्पॅच गेटवरचा आरएफआयडी रीडर (टॅगचे नंबर रेडिओ लहरींनी वाचणारं यंत्र) बिन, म्हणजे मालाचे डबे, कमी मोजतो, ही तक्रार कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत गेलं तरी ऐकू येते. निदान बहुतेक वेळा आधीच झालेलं असतं: ‘टॅग एकदम बोलतात, एकमेकांत मिसळतात, अल्गोरिदम कमी पडतोय.’ मग अँटेना वाढवा, पॉवर चढवा, महागडा रीडर आणा. काही दिवस बरं चालतं आणि साप्ताहिक सुट्टी झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे लिहितोय ते अशा परत परत उगवणाऱ्या तक्रारीसाठी. उदाहरण एका मशीन शॉपचं घेतो, कारण तिथं टॅगची टक्कर आणि गाड्यांची कोंडी एकमेकांत अशी अडकली होती की एक सोडवल्याशिवाय दुसरी सुटत नव्हती. शॉपमध्ये कास्टिंग मशीन होऊन छोट्या लोखंडी बिनमध्ये भरतात. चाकं लावलेल्या एका रॅकवर असे ४० बिन, प्रत्येकावर धातूवर चालणारा यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या लहरींचा, टॅग. बिनड्रायव्हरची गाडी रॅकखाली शिरते, रॅक उचलते आणि डिस्पॅचच्या गेटमधून पलीकडे नेऊन ठेवते. गेटवर चार अँटेना. स्टोअरच्या टेबलावर स्क्रीन.

स्टोअरवाल्या मामांचं म्हणणं एवढंच होतं: “चलनावर ४० हाईत, स्क्रीनवर ३३ दावतंय. गाडी मागं घिऊन परत आणली की ३७. आन् गाडी बंद पडली म्हणून पोरांनी नुसती रॅक हातानं ढकलली, तर बराबर ४०. आता ह्याला काय म्हणायचं?”

याला म्हणायचं, निम्मं निदान झालं. तेच बिन, तेच टॅग, तोच गेट, आणि ढकलताना वेगही जवळपास तोच. बदलली ती फक्त गाडी. टॅगांच्या गर्दीमुळे वाचन हुकत असतं तर हातानं ढकलल्यावरही हुकायला हवं होतं. तक्रार करणाऱ्याचं असं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. ‘रीडिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलेल्या सर्व्हिस रिपोर्टमधून काही हाती लागत नाही.

टक्कर आहे की नाही, हे आधी कागदावर बघा

यूएचएफ टॅगला स्वतःची बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवर तो जागा होतो आणि त्याच लहरी परत फेकून उत्तर देतो. शेजारचा टॅग बोलतोय की नाही, हे त्याला ऐकू येत नाही. म्हणून ४० टॅग एकदम जागे झाले की कुणी कधी बोलायचं याची शिस्त रीडरला लावावी लागते.

ही शिस्त आली हवाईच्या बेटांवरून. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूनं अलोहा नावाचं रेडिओ नेटवर्क चालू केलं. नियम सोपा: पाठवायचं असेल तेव्हा पाठवा, धडक झाली तर काही वेळ थांबून पुन्हा पाठवा, आणि किती थांबायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. यात उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्केच कामी येतो. पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्स यांनी वेळेचे ठरावीक खण पाडले आणि बोलायचं ते खणाच्या सुरुवातीलाच, असा नियम घातला. क्षमता दुप्पट झाली, ३६.८ टक्के.

आज आपल्या बिनवर आणि ट्रकच्या काचेवरच्या फास्टॅगमध्येही जी पद्धत चालते, ती याच खणांची. ‘जेन-टू’ नावानं ओळखला जाणारा हा प्रोटोकॉल २००४ मध्ये ठरला आणि पुढे आयएसओ १८०००-६सी म्हणून मान्य झाला. रीडर ‘क्यू’ नावाचा एक आकडा सांगतो. क्यू ६ असेल तर २ चा सहावा घात, म्हणजे ६४ खण. प्रत्येक टॅग मनातल्या मनात एक खण निवडतो आणि पाळी आली की १६ बिटांचा एक यादृच्छिक आकडा ओरडतो. रीडरला तो स्वच्छ ऐकू आला तर तो तोच आकडा परत म्हणून दाखवतो, मग टॅग आपला खरा नंबर सांगतो. एका खणात दोघे ओरडले तर तो खण वाया जातो आणि त्या दोघांना पुढच्या फेरीत संधी मिळते.

आता ४० बिनचं गणित. ६४ खणांत सरासरी ३४ खण रिकामे राहतात, ८ खणांत धडक होते आणि २२ खणांत एकेकटा टॅग सापडतो. म्हणजे पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त टॅग मिळाले. क्यू चुकून ४ वर अडकवला तर खण १६ आणि एकेकटे सापडणारे जेमतेम ३. क्यू ३ वर तर बहुतेक फेऱ्या कोरड्या जातात. उलट क्यू ८ ठेवला तर २५६ खणांत ३४ टॅग पहिल्याच फेरीत मिळतात, पण बाकीचे बहुतेक खण रिकामे. त्यातल्या त्यात बरं एवढंच की रिकामा खण धडकेच्या खणापेक्षा लवकर संपतो. म्हणून क्यू थोडा जास्त परवडतो, कमी परवडत नाही. बहुतेक रीडर धडका वाढल्या की क्यू स्वतःच वाढवतात आणि रिकामे खण वाढले की उतरवतात. कुणी तो हट्टानं एका आकड्यावर बांधून ठेवला असेल, तर आधी तो मोकळा करा.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सगळं धरून ४० टॅग वाचायला दीडशे-दोनशे खण लागतील असं समजा आणि खणाला ३ मिलिसेकंद द्या, हा हात सैल सोडून केलेला हिशोब आहे. तरी वेळ सेकंदाच्या आसपासही पोचत नाही, ०.६ सेकंदात काम आटपतं. गाडी सेकंदाला १ मीटर चालते आणि गेटचं क्षेत्र २ मीटर आहे, म्हणजे हातात २ सेकंद. गरजेच्या तिप्पट वेळ असताना ७ बिन हुकत असतील, तर टक्कर हे कारण संशयितांच्या यादीत तळाला गेलं. हे गणित करायला पाच मिनिटं लागतात आणि लाखाच्या रीडरची ऑर्डर वाचते.

मग एकेक टॅग एकटा वाचून बघा

हुकणाऱ्या बिनचे नंबर काढा. त्यातला एक बिन रॅकवर त्याच जागी, त्याच दिशेनं तोंड करून ठेवा, बाकीचे उतरवा आणि रॅक हातानं ढकलत गेटमधून न्या. एकटा असूनही वाचला नाही, तर गर्दीचा संबंधच नाही. मग टॅग, जागा किंवा लहरींकडे वळायचं.

त्या बाजूची नेहमीची कारणं भराभर सांगतो. धातूवर चालणारे टॅग लहरींच्या एका ठरावीक वारंवारता-पट्ट्यासाठी बनवलेले असतात. अमेरिकेसाठीचे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचे टॅग स्वस्तात मिळाले म्हणून घेतले, तर आपल्या ८६५-८६८ च्या पट्ट्यात ते अर्धमेले वागतात. रीडरमध्ये देशाची सेटिंग भारत आहे का, हेही तिथंच बघून घ्या. कूलंट, म्हणजे मशीनिंग करताना गार ठेवायचं द्रव, बहुतेक वेळा पाण्यावर बनलेलं असतं आणि पाणी या लहरी गिळतं, त्यामुळे टॅगवर ओलसर थर असेल तर पुसून पुन्हा तपासा. आणि ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर. लोखंडी रॅकवरून लहरी परतल्या की दर १७-१८ सेंटिमीटरवर एक मेलेली जागा तयार होऊ शकते. उभ्या रॅकवरचा टॅग अशा जागेत सापडला तर वाचत नाही, पण रॅक हलती असेल तर तो त्यातून बाहेर येतो. म्हणून गेटवर गाडी थांबवून वाचण्यापेक्षा हळू चालवत वाचणं चांगलं.

पॉवर चढवण्याच्या फंदात मात्र पडू नका. या पट्ट्यात परवान्याशिवाय १ वॉट ट्रान्समीटर आणि ४ वॉट विकिरणाची मर्यादा नियमांत घालून दिली आहे. ती पाळायची हे तर आहेच. पण पॉवर वाढली की गेट पलीकडचं, नको ते सगळं वाचायला लागतो. डिस्पॅचला उभ्या ट्रकचा फास्टॅगसुद्धा तुमच्या फेरीत उत्तर देतो. किणी टोलवर जो रीडरला बोलतो, तो तुमच्या गेटलाही बोलणारच, प्रोटोकॉल एकच आहे. त्यावर इलाज ‘सिलेक्ट’ कमांडचा: आपल्या बिनचे नंबर ज्या अंकांनी सुरू होतात तेवढ्यांनाच फेरीत घ्या, बाकीचे गप्प बसतात.

आपल्या उदाहरणातले सातही बिन एकटे मात्र वाचले. गाडीवर ठेवले की हुकले. इथून गंमत सुरू होते.

हुकणारे बिन कुठले, हे नकाशावर मांडा

रॅकचं चित्र काढून हुकलेल्या जागांवर फुल्या मारल्या तर सगळ्या फुल्या खालच्या रांगेत, मधोमध. कडेचे, वरचे, कोपऱ्यातले, म्हणजे एरवी जे त्रास देतात ते सगळे सुखरूप. आणि ज्यांचा सिग्नल सर्वांत जोरकस यायला हवा ते गायब.

खालच्या रांगेच्या अगदी खाली काय होतं? गाडीचा स्वतःचा रीडर. बरोबर रॅक उचलली की नाही हे तपासायला गाडीच्या पाठीवर एक छोटा रीडर बसवलेला असतो. तो गाडीवाल्या पुरवठादारानं बसवला, गेटचा रीडर दुसऱ्यानं. दोघांची गाठ कधी पडलेली नाही, आणि दोघांनीही आपापल्या रीडरवर ‘सेशन २’ ठेवलेलं.

सेशन ही भानगड नीट समजून घ्या, कारण अशा तक्रारींचा उगम बऱ्याचदा इथंच सापडतो. एकदा वाचलेला टॅग पुन्हा पुन्हा बोलत राहिला तर बाकीच्यांची पाळी येणार नाही. म्हणून वाचला गेला की टॅग आपली खूण ‘ए’ वरून ‘बी’ करतो. रीडर ‘ए’ वाल्यांनाच हाक मारत असेल तर तो गप्प राहतो. ही खूण किती वेळ टिकते ते सेशनवर ठरतं. सेशन ० मध्ये टॅगला वीज मिळते तोवरच, ती तुटली की लगेच परत ‘ए’. सेशन १ मध्ये वीज असो वा नसो, अर्धा ते ५ सेकंद. सेशन २ आणि ३ मध्ये वीज चालू आहे तोवर खूण तशीच, आणि वीज गेल्यावरही किमान २ सेकंद, चिपनुसार त्याहून बराच जास्त वेळ.

आता जोडा. गाडीचा रीडर वाटभर चालू. खालच्या रांगेतले टॅग त्यानं केव्हाच वाचून सेशन २ मध्ये ‘बी’ करून ठेवलेले, आणि सतत वीज पुरवून ती खूण जागी ठेवलेली. गाडी गेटवर येते. गेट म्हणतो, ‘सेशन २ मधले ए कोण कोण?’ खालचे सात गप्प. ते बिघडलेले नाहीत, नियमानं वागतायत. एकाला हजेरी दिली आहे, दुसरा हजेरी घेतोय हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही. गाडी मागं-पुढं होताना काही टॅगांची वीज तुटते, खूण पुसली जाते, म्हणून दुसऱ्या वेळी ३७. आणि हातानं ढकलताना खाली गाडीच नाही, म्हणून ४०.

पुरावा हवा असेल तर गेटच्या रीडरला तात्पुरतं ‘टार्गेट बी’ करा, म्हणजे ‘बी’ वाल्यांनाच हाक मारायला लावा. हुकलेले नेमके तेवढेच बिन स्क्रीनवर येऊन उभे राहिले, तर पुढे वाद घालायला कुणाला जागा उरत नाही. पुरवठादारांच्या मीटिंगमध्ये एवढा एक प्रयोग दाखवला की ‘तुमचा रीडर, आमचा रीडर’ हा सामना बंद होतो.

दुरुस्तीला एक रुपया लागत नाही. गाडीचा रीडर सेशन ० वर न्या, पॉवर उतरवा, सिलेक्ट लावून फक्त रॅकचाच टॅग वाचू द्या, आणि रॅक उचलून खात्री झाली की त्याला बंद करा. वाटभर वाचत राहायचं त्याला कारण नाही. गेटला सेशन १ पुरतं. शेजारी दुसरं गेट असेल तर एकाला सेशन २, दुसऱ्याला ३. चार सेशन दिलेत ते याचसाठी, वेगवेगळ्या रीडरनी एकमेकांच्या खुणा पुसू नयेत म्हणून.

गाडीचा रीडर गेटवर बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. टॅगला चॅनेल निवडता येत नाही. दोन रीडर वेगळ्या चॅनेलवर असले तरी त्याला दोघांचं बोलणं एकत्रच ऐकू येतं आणि तो गोंधळतो. ही रीडर-रीडरमधली टक्कर. ती क्यूनं सुटत नाही, पाळ्या वाटूनच सुटते. मोठ्या गोदामांसाठी रीडरना आपसांत पाळ्या वाटून देणारे अल्गोरिदम आहेत, कलरवेव्ह हा त्यातला २००३ चा एक. एका गेटाच्या शॉपला त्याची गरज नाही, गाडी गेटच्या हद्दीत शिरली की तिच्या रीडरचं आउटपुट तोडा, झालं.

आता गाड्यांची कोंडी

गेटवर आकडा जुळला नाही की सर्व्हर गाडीला हुकूम द्यायचा: मागं जा, पुन्हा ये. तोवर मागून दुसरी गाडी रॅक घेऊन गेटकडे जाणाऱ्या अरुंद बोळात शिरलेली असायची. पहिली मागं सरकली की दोघींच्या लेझर स्कॅनरला समोर अडथळा दिसायचा आणि दोघी थांबायच्या. ठरलेला वेळ संपला की दोघी पुन्हा एकदम हलायच्या, पुन्हा थांबायच्या. महाद्वार रोडवर समोरासमोर आलेले दोन दुचाकीवाले एकाच बाजूला हँडल वळवतात, परत दोघेही दुसऱ्या बाजूला वळवतात, तसं. फरक असा की माणसं हसून एकाला वाट देतात. गाड्या शिफ्ट संपेपर्यंत तेच करत बसतील.

हे ऐकलं की कुणीतरी म्हणतं, टॅगसारखं यांनाही चिठ्ठी टाकून थांबायला सांगू. दोघींचे थांबण्याचे वेळ वेगळे ठेवले तर कोंडी कधीतरी फुटते, हे खरं, आणि त्या दिवसापुरता उपाय म्हणून मी तो करूही देतो. पण टॅगचा खण वाया गेला तर नुकसान काही मिलिसेकंदांचं. ५०० किलोची गाडी चुकीच्या वेळी बोळात शिरली तर तिला बाहेर काढायला फोरमन येतो, तोवर डिस्पॅच बंद. टॅगना नशिबावर सोडता येतं, गाड्यांना रांगच लावावी लागते.

टक्कर चुकवायची गणितं भरपूर आहेत. १९९७ ची डायनॅमिक विंडो पद्धत गाडीला लगेच गाठता येतील अशाच वेगांतून सुरक्षित वेग निवडते. १९९८ मध्ये वेग-अडथळ्याची कल्पना आली: समोरचा याच वेगानं येत राहिला तर माझे कुठले वेग धडकेकडे नेतील ते आधीच वगळा. त्यात दोघे एकमेकांना चुकवताना डोलत राहायचे, म्हणून २००८ आणि २०११ मध्ये चुकवण्याचा भार दोघांत वाटून देणाऱ्या सुधारणा झाल्या. मोकळ्या हॉलमध्ये हे सगळं छान चालतं. पण दीड मीटरच्या बोळात सव्वा मीटरची गाडी असेल तर चुकवायला जागाच नाही, आणि जागा नसेल तिथं कुठलंही सूत्र ‘थांब’ याशिवाय दुसरं उत्तर देत नाही. प्रश्न वाहतुकीचा आहे, गाडीच्या अकलेचा नव्हे.

म्हणून बोळ आणि गेट मिळून एक बंद क्षेत्र घोषित करा. सर्व्हरवर त्या क्षेत्राला एकच चावी. चावी मिळेल तीच गाडी आत. पाठीमागचा भाग पूर्ण बाहेर पडला की चावी परत, नाक बाहेर पडल्यावर नव्हे. यात चूक झाली की कोंडी नुसती दोन मीटर पुढे सरकते. समोरासमोर आल्या तर भरलेल्या गाडीला पहिला मान. आत शिरलेल्या गाडीला मागं यायचा हुकूम कधीच द्यायचा नाही. आकडा जुळला नाही तर गाडी पुढे निघून बाजूच्या जागेत उभी राहील आणि तिथं हँड रीडरनं मोजणी होईल. मामांना चार पावलं चालावं लागतं, पण मागची लाइन थांबत नाही.

दोन चाव्यांची क्षेत्रं लागोपाठ असतील तर एक धरून दुसरीची वाट बघणाऱ्या गाड्या एकमेकींना अडकवू शकतात. तिथं दोन्ही चाव्या मिळाल्या तरच हला, नाहीतर एकही धरू नका.

आणि एक सक्त सूचना. कोंडी होते म्हणून लेझर स्कॅनरचं सुरक्षा क्षेत्र लहान करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला गेटबाहेर सोडून या. ते क्षेत्र माणसाच्या पायासाठी आहे, गाडीच्या सोयीसाठी नाही. बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या सुरक्षेचं आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे, त्यात ब्रेक लागायचं अंतर आणि स्कॅनरचं क्षेत्र यांचं नातं सांभाळावं लागतं. तो बदल पुरवठादाराच्या सहीशिवाय करू नये.

सुट्टीनंतर परत का उगवतं

दुरुस्ती झाली, आठवडा चांगला गेला, सुट्टीनंतर मेन स्विच टाकला आणि पुन्हा ३३. कारण बहुतेक वेळा एवढंच असतं: सेटिंग चालू मेमरीत बदलली, कायमच्या मेमरीत साठवलीच नाही. वीज गेली की रीडर आपल्या मूळ सेटिंगवर परत. काही ठिकाणी तर सर्व्हरचा प्रोग्रॅम चालू होताना रीडरवर स्वतःची जुनी फाइल ढकलतो, मग रीडरमध्ये कितीही साठवा, सकाळी ती पुसलेली असते. म्हणून बदल रीडरमध्ये साठवा, सर्व्हरच्या फाइलमध्ये करा आणि गाडीवाल्या पुरवठादाराकडेही लेखी कळवा. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं की गाडीचा रीडर गुपचूप सेशन २ वर जातो.

तपासणी म्हणजे रीडर, सर्व्हर आणि गाडी तिन्हींची वीज घालवून परत चालू करणं, आणि मग एक भरलेली रॅक गाडीवरून, तीच रॅक हातानं, अशी गेटमधून नेणं. दोन्ही आकडे सारखे आले की पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: गेट सेशन १, टार्गेट ए, क्यू मोकळा, गाडी सेशन ०, गेटवर गाडीचा रीडर बंद. खाली तारीख. पुढच्या वेळी तुमच्याऐवजी दुसरा कुणी आला, तरी तो पॉवर चढवायच्या आधी ते वाचेल.